वारा उतरला, पाणी नाही

कॅटरिना चक्रीवादळ सोमवार, २९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात जमिनीवर आलं. ते कुठे येणार हे छप्पन्न तास आधी सांगून झालं होतं. आल्यावर काय करणार हे वीस तास आधी लिहून झालं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या, आणि तरीही माणसं गेली. मृतांचा आकडा बरीच वर्षं अठराशेच्या वर सांगितला जात होता. राष्ट्रीय हरिकेन केंद्राने नोंदी पुन्हा तपासून २०२३ मध्ये तो १,३९२ केला. कमी झालेला हा आकडाही छातीवर दगड ठेवूनच वाचावा लागतो.

या वादळाची वेळापत्रकं सरकारी अहवालांत तपशिलाने नोंदलेली आहेत. ती क्रमाने वाचताना एकच गोष्ट मनात घर करते. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे डोळे वाऱ्याच्या आकड्यावर खिळले होते आणि पाण्याचा हिशेब वेगळाच चालू होता. पुढच्या सगळ्या वेळा न्यू ऑर्लिन्सच्या घड्याळाप्रमाणे आहेत.

मंगळवार २३ ते गुरुवार २५ ऑगस्ट

बहामा बेटांजवळ मंगळवारी कमी दाबाचं क्षेत्र बळावलं, बुधवारी त्याला नाव मिळालं आणि गुरुवारी संध्याकाळी ते पहिल्या श्रेणीचं चक्रीवादळ म्हणून दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. जमीन ओलांडताना ते थोडं मंदावलं. पण पलीकडे मेक्सिकोचं आखात होतं आणि आखाताच्या मधोमध, कॅरिबियन समुद्राकडून आलेलं गरम पाणी खूप खोलवर पसरलेलं होतं. एरवी वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाचं बळ तिथेच तुटतं. इथे खालचं पाणीही गरमच होतं.

शुक्रवार २६ ऑगस्ट, रात्री १० – ५६ तास आधी

दुपारपर्यंत अंदाजाचा रोख फ्लोरिडाच्या पश्चिम पट्ट्यावर होता. संध्याकाळी तो पश्चिमेला सरकत गेला आणि रात्री दहाच्या अंदाजात मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या ब्युरास गावावर स्थिरावला. वादळ शेवटी तिथेच आलं. अडीच दिवस आधी इतका नेमका अंदाज म्हणजे हवामानशास्त्राचं मोठं यश होतं.

राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांनी त्याच दिवशी राज्यात आणीबाणी जाहीर केली होती. शहराला मात्र अजून शुक्रवारची रात्रच वाटत होती. सुपरडोम या छत असलेल्या प्रचंड क्रीडागारात त्या रात्री अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला, लोक पाहून घरी गेले.

या शहराची ठेवण समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. फ्रेंचांनी १७१८ मध्ये ते वसवलं ते नदीकाठच्या उंचवट्यावर. वस्ती वाढली तशी मागची दलदल पंपांनी उपसून तिथे घरं बांधली गेली. उपसलेली जमीन कोरडी पडते, दबते, वर्षागणिक खाली जाते. त्यामुळे शहराचा मोठा भाग समुद्रपातळीच्या खाली आहे. दक्षिणेला नदी, उत्तरेला समुद्राशी जोडलेलं पॉन्चरट्रेन सरोवर, पूर्वेला खाऱ्या पाण्याची खाडी आणि मध्ये, काठ उंच आणि बूड खोल अशा परातीसारखं शहर. १९६५ च्या बेट्सी चक्रीवादळात त्यात पाणी भरलं होतं. त्यानंतर अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाने बांध आणि काँक्रीटच्या भिंती बांधायला घेतल्या. चाळीस वर्षं झाली तरी ते काम पूर्ण झालेलं नव्हतं.

पुढे काय होऊ शकतं हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. 'टाइम्स-पिकायून' या स्थानिक दैनिकाने २००२ मध्ये पाच भागांची लेखमाला छापून बांध अपुरे आहेत आणि लाखभर माणसं बाहेर पडू शकणार नाहीत, हे सांगितलं होतं. जुलै २००४ मध्ये सरकारी यंत्रणांनी 'पॅम' नावाचं काल्पनिक वादळ गृहीत धरून सरावही केला. त्या सरावात शहर पाण्याखाली गेलं होतं.

शनिवार २७ ऑगस्ट, सकाळी १० – ४४ तास आधी

न्यू ऑर्लिन्ससह आग्नेय लुइझियानाला चक्रीवादळाची पूर्वसूचना मिळाली. वादळ आता तिसऱ्या श्रेणीत होतं, वाऱ्याचा वेग ताशी १८५ किलोमीटर. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्या दिवशी घडत होती आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. वादळ आकाराने फुगत होतं. केंद्रातल्या डोळ्याभोवतीची ढगांची जुनी भिंत विरून बाहेर नवी, मोठी भिंत तयार होत होती, आणि दिवसभरात वादळाचा पसारा जवळजवळ दुप्पट झाला.

श्रेणी ठरते ती डोळ्याजवळच्या सर्वांत जोरदार वाऱ्यावरून. समुद्राचा फुगवटा मात्र त्या एका आकड्याचं ऐकत नाही. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब एक मिलिबारने घटला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर उचलला जातो, म्हणजे शंभर मिलिबारचा मोठा खड्डा पडला तरी त्यातून मीटरभरच पाणी चढतं. बाकी सगळं काम वाऱ्याचं. तो तासन् तास समुद्र किनाऱ्याकडे लोटत राहतो. किनाऱ्याजवळ समुद्र खोल असला तर लोटलेलं पाणी तळाकडून परत जातं. उथळ असला तर त्याला परत जायला वाट नसते आणि ते चढत जातं. लुइझियाना आणि मिसिसिपीचा किनारा मैलोन् मैल उथळ आहे. अशा किनाऱ्यावर वारा किती रुंद पट्ट्यात आणि किती वेळ लोटतो, यावर पाण्याची उंची ठरते. शनिवारी वाढत होती ती नेमकी हीच रुंदी.

शनिवार, दुपारी ४ – ३८ तास आधी

महामार्गांच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी खुल्या केल्या गेल्या. येणाऱ्या मार्गिकांवरूनही गाड्या जाऊ लागल्या. ही योजना उत्तम चालली. वादळ येईपर्यंत त्या सगळ्या परिसरातून दहा लाखांहून अधिक माणसं बाहेर पडली. इतकं मोठं स्थलांतर इतक्या कमी वेळात, हे त्या राज्याचं खरंच कौतुकास्पद काम होतं.

ज्यांच्याकडे गाडी होती त्यांच्यासाठी. शहराची वस्ती साडेचार लाखांच्या घरात होती आणि त्यातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या घरी गाडी नव्हती. शिवाय महिनाअखेर होती. पगारावर, पेन्शनवर, सरकारी मदतीच्या धनादेशावर जगणाऱ्या घरात सत्तावीस तारखेला काय शिल्लक असतं, हे आपल्यापैकी कुणालाही वेगळं सांगायला नको. गाडीत पेट्रोल, दोन-तीन रात्रींचं मोटेलचं भाडं, बाहेरचं जेवण, हे सगळं पहिल्या तारखेनंतर जमलं असतं. वादळ तीन दिवस आधी आलं.

न गेलेल्या माणसांना त्या काळात आणि नंतरही हट्टी, बेफिकीर म्हटलं गेलं. मला हे कधीच पटलेलं नाही. काही जण खरंच हट्टाने राहिले असतील. पण अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून जायचं कसं, घरातल्या आठ माणसांना एका जुन्या गाडीत कोंबायचं कसं, आणि गेल्या वर्षी इव्हान वादळाच्या वेळी तासन् तास रस्त्यावर अडकून शेवटी शहराला काहीच झालं नाही, तो खर्च पुन्हा करायचा कसा, हे हिशेब करून राहिलेले लोक बेफिकीर नव्हते.

त्या शहरात, विशेषतः लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या खोलगट, कष्टकरी वस्तीत, बेट्सीपासूनचा एक शिरस्ता होता. माळ्यावर कुऱ्हाड ठेवायची. तिथल्या घरांना छताखाली बुटका माळा असतो, बोळातल्या छतात घडी करून बसवलेली शिडी असते, दोरी ओढली की ती खाली उतरते. १९६५ मध्ये लोक पाण्याला भिऊन त्या शिडीने वर चढले, पाणीही मागोमाग वर आलं, आणि छप्पर फोडायला हातात काही नव्हतं म्हणून माणसं आत बुडाली. तेव्हापासून म्हातारी माणसं पोरांना सांगत आली: कुऱ्हाड वर आहे ना, बघून ये.

शनिवार, रात्री ८ च्या सुमारास – ३४ तास आधी

मायामीच्या हरिकेन केंद्राचे संचालक मॅक्स मेफिल्ड यांनी राज्यपालांना आणि न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांना घरी फोन केले. अंदाज प्रसिद्ध करणं हे त्यांचं काम होतं आणि ते झालं होतं. पण कागदावरचा अंदाज समोरच्याच्या पोटापर्यंत पोहोचला आहे का, याची त्यांना खात्री वाटेना. आपण करता येईल ते सगळं केलं हे स्वतःशी म्हणता यावं आणि रात्री झोप लागावी, म्हणून फोन केला, असं त्यांनी नंतर सांगितलं. नेगिन यांनी तोवर लोकांना निघून जाण्याचं आवाहन केलं होतं, सक्ती केलेली नव्हती.

रविवार २८ ऑगस्ट, सकाळी ७ – २३ तास आधी

रात्री पाऊणच्या सुमारास चौथी श्रेणी. सकाळी सातला पाचवी, सर्वांत वरची. गरम पाण्यावरून जाताना वादळाने एका रात्रीत उडी घेतली होती.

रविवार, सकाळी ९:३० – २१ तास आधी

महापौरांनी राज्यपालांना शेजारी बसवून शहर सक्तीने रिकामं करण्याचा आदेश दिला. न्यू ऑर्लिन्सच्या इतिहासातला असा हा पहिलाच आदेश. सक्ती म्हणजे काय, तर आता जाणं कायद्याने बंधनकारक होतं. कशाने जायचं, याचं उत्तर आदेशात नव्हतं. शहराच्या बसगाड्या ठरलेल्या थांब्यांवरून लोकांना उचलून शहरातल्याच सुपरडोमवर नेऊन सोडत होत्या. शाळांच्या शेकडो बसगाड्या आगारात उभ्या होत्या. चालक नव्हते, त्यांनाही कुटुंब घेऊन जायचं होतं. नंतर विमानातून काढलेल्या छायाचित्रांत त्या पिवळ्या बसगाड्या ओळीने पाण्यात उभ्या दिसल्या.

रविवार, सकाळी १०:११ – २० तास आधी

सरोवराच्या ईशान्य काठावरच्या स्लाइडेल गावात राष्ट्रीय हवामान सेवेचं स्थानिक कार्यालय आहे. तिथे त्या सकाळी रॉबर्ट रिक्स नावाचे हवामानतज्ज्ञ कामावर होते. ते न्यू ऑर्लिन्सचेच.

वादळाच्या इशाऱ्यांमध्ये साधारणपणे आकडे असतात. वेग इतका, दाब इतका, दिशा अमुक. ते वाचून मच्छीमाराला किंवा जहाजाच्या कप्तानाला बोध होतो, घरात बसलेल्या माणसाला होत नाही. हे ओळखून हवामान सेवेतल्या काही जणांनी १९९० च्या दशकातच एक तयार मसुदा करून ठेवला होता. अमुक वेगाचा वारा घराचं, झाडाचं, माणसाचं नेमकं काय करतो, हे त्यात साध्या भाषेत होतं. रिक्स यांनी तो मसुदा उघडला आणि एकेक ओळ घेऊन स्वतःला विचारू लागले की हे खोटं ठरेल म्हणून मला काढता येईल का? एकही ओळ काढता आली नाही.

त्या इशाऱ्यात काय होतं ते इथे माझ्या शब्दांत देतो. या भागाचा बराचसा प्रदेश कित्येक आठवडे, कदाचित त्याहून जास्त काळ, राहण्याजोगा उरणार नाही. चांगल्या बांधणीच्या घरांपैकी निदान निम्म्या घरांची छपरं आणि भिंती निकामी होतील. दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर असलेलं एकही घर ते छप्पर टिकवू शकणार नाही. उंच इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटून उडतील. हवेतून भंगार उडेल आणि त्यात घरातली जड यंत्रं, हलक्या मोटारीही असतील. उघड्यावर सापडलेल्या माणसांना, जनावरांना त्याचा मार बसला तर ती वाचणार नाहीत. झाडं मोडतील किंवा मुळासकट उपटतील. उरतील त्यांच्यावर पान राहणार नाही. वीज आठवडेच्या आठवडे येणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या टंचाईने माणसांचे असे हाल होतील की आजच्या काळात त्यावर विश्वास बसू नये.

वाहिन्यांमधल्या काहींना हा इशारा खरा वाटेना. सरकारी कार्यालय असं कधी लिहितं का, कुणी खोडसाळपणा तर केला नसेल, अशी विचारणा झाली. पण तो वाचला गेला, दिवसभर पुन्हा पुन्हा वाचला गेला, आणि ज्यांचा अजून निर्णय झालेला नव्हता अशा कित्येकांनी तो ऐकून गाड्या काढल्या. माझ्या मते हवामान खात्याच्या कागदांत इतकी माणसं वाचवणारा मजकूर क्वचितच लिहिला गेला असेल. तो लिहायला नोकरीची भीती बाजूला ठेवावी लागते. खोटा ठरला असता तर रिक्स यांना आयुष्यभर ते ऐकावं लागलं असतं.

आज मागे वळून पाहताना त्यात एक उणीव दिसते, आणि ती रिक्स यांची नव्हे, सगळ्या व्यवस्थेची आहे. त्याचा बहुतेक भाग वाऱ्याबद्दल होता. फुगवट्याचे आकडे इतर इशाऱ्यांत दिलेले होते. बांधांच्या माथ्यावरून पाणी येऊ शकतं, हेही हरिकेन केंद्राने सांगितलं होतं. पण पाणी माणसाच्या घरात कसं शिरेल, किती वेळात कमरेवरून छतापर्यंत जाईल, हे अशा रोखठोक भाषेत कुणी सांगितलं नाही.

रविवार, दुपारी १ – १७ तास आधी

वादळाच्या केंद्रात ९०२ मिलिबार दाब, वारा ताशी २८० किलोमीटर. ही त्याची परमावधी. सुपरडोमबाहेर भर उन्हात आणि नंतर पावसाच्या सरींत रांग लागलेली. चाकाच्या खुर्च्या, उश्या, थंड पेट्यांत घातलेलं जेवण, काखेत तान्ही मुलं. प्रत्येकाची झडती होऊन आत सोडलं जात होतं. स्वतःचं खाणंपिणं घेऊन या, असं सांगितलेलं होतं. रात्र होईपर्यंत आत दहा हजारांच्या आसपास माणसं जमली.

रविवार मध्यरात्र – ६ तास आधी

इथे आकडा उतरू लागला. मध्यरात्रीनंतर पाचवरून चार. मागाहून सगळी मोजमापं तपासल्यावर ठरलं की किनाऱ्यावर येताना ते तिसऱ्या श्रेणीचं होतं, ताशी सुमारे २०० किलोमीटर. वाटही किंचित पूर्वेला वळली. दूरचित्रवाणीसमोर जागणाऱ्यांना धीर आला.

पण पाचव्या श्रेणीत असताना त्या वाऱ्याने जो समुद्र लोटला होता, तो वाटेत होता. अलाबामाच्या दक्षिणेला खोल समुद्रात हवामान खात्याचा एक तरंगता बोया आहे. सोमवारी सकाळी त्याने सरासरी मोठ्या लाटांची उंची ५५ फूट नोंदवली. वाऱ्याला मंद व्हायला काही तास पुरतात. लोटलेल्या समुद्राला तितक्या लवकर थांबता येत नाही, आणि वादळाचा पसारा तर कमी झालेलाच नव्हता.

सोमवार २९ ऑगस्ट, पहाटे ४:३० – पावणेदोन तास आधी

वादळ अजून समुद्रात असतानाच शहरात पाणी शिरायला सुरुवात झाली. औद्योगिक कालव्याच्या फाटकांतून ते झिरपू लागलं. त्याच वेळी पूर्वेकडून मोठा लोंढा येत होता. १९६० च्या दशकात जहाजांना समुद्रातून थेट शहराच्या धक्क्यावर येता यावं म्हणून दलदलीतून १२० किलोमीटरच्या आसपास लांबीचा सरळ कालवा खणला गेला होता. त्यातून फारशी जहाजं कधी आलीच नाहीत. खारं पाणी मात्र आत आलं आणि दोन्ही काठांवरची सुरूसारखी उंच सायप्रसची झाडं मेली. वाऱ्याला आणि पाण्याला अडवणारं रान असं माणसानेच काढून टाकलं. तिथले लोक त्या कालव्याला वादळाचा हमरस्ता म्हणत. पहाटे पाचच्या पुढे त्याच्या कडेचे बांध धुपून वाहून जाऊ लागले.

सोमवार, सकाळी ६:१० – शून्य

ब्युरास. डोळा जमिनीवर आला. गावात फारसं कुणी उरलं नव्हतं, आणि थोड्या वेळाने गावही उरलं नाही.

वेळापत्रकाप्रमाणे इथे उलटी मोजणी संपायला हवी. न्यू ऑर्लिन्सची अजून संपायची होती.

सोमवार, सकाळी ७:४५

लोअर नाइन्थ वॉर्डच्या कडेची, औद्योगिक कालव्याची काँक्रीटची भिंत कोसळली. त्या भगदाडातून एक अख्खी मालवाहू बार्ज वस्तीत शिरली. भिंतीजवळची घरं पायावरून सुटली आणि एकमेकांवर जाऊन आदळली. आठ वाजून चौदा मिनिटांनी स्लाइडेलच्या कार्यालयाने इशारा काढला: टेनेसी स्ट्रीटजवळ बांध फुटला आहे, तीन ते आठ फूट पाणी येण्याची शक्यता. तोवर टेनेसी स्ट्रीटवरची माणसं माळ्यावर होती. ज्यांच्याकडे कुऱ्हाड होती त्यांनी छप्पर फोडलं. काहींनी लाथांनी, हातांनी, सापडेल त्या लाकडाने फोडलं. काहींना नाही जमलं.

सेंट बर्नार्ड परगण्यातल्या एका वृद्धाश्रमात ३५ जण बुडाले. लुइझियानात जे गेले त्यांतले जवळजवळ निम्मे पंचाहत्तरी ओलांडलेले होते. अशी माणसं छप्पर फोडू शकत नाहीत.

सोमवार, सकाळी ९:४५ च्या पुढे

वादळ मिसिसिपी राज्याच्या हद्दीवर तिसऱ्यांदा जमिनीवर चढलं. त्याच्या उजव्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत होता, आणि तिथे पास क्रिश्चन गावात पाणी जवळजवळ २८ फूट चढलं. अमेरिकेत तोवर इतका फुगवटा कधी मोजला गेला नव्हता.

त्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं माप ठरलेलं होतं: १९६९ चं कॅमिल. ते पाचव्या श्रेणीचं होतं, कॅटरिनापेक्षा जोरदार, पण आकाराने लहान. कॅमिलमध्ये ज्या घराला पाणी लागलं नाही, ते घर सुरक्षित, असं मानून कित्येक कुटुंबं राहिली. कॅमिलमध्ये वाचलो, मग आता काय भ्यायचं? कॅमिलने १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसं मारली, असं तिकडचे लोक नंतर म्हणत. मला वाटतं या सगळ्या घटनाक्रमातलं सर्वांत दुखरं वाक्य हेच आहे.

साधारण याच वेळात न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेला सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत गेली. लंडन ॲव्हेन्यूच्या कालव्याची दोन ठिकाणी त्याआधीच गेली होती. हे कालवे शहरातलं पावसाचं पाणी पंपाने सरोवरात टाकण्यासाठी होते. सरोवर चढलं तसं ते पाणी त्याच कालव्यांतून उलटं शहराच्या पोटात आलं. पाणी बाहेर नेणारी वाटच भरतीच्या वेळी कशी घात करते, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. महिनाभरापूर्वीच, २६ जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि उपनगरांतल्या तळमजल्यांच्या भिंती अजून ओल्या होत्या. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याहून वाईट गोष्ट घडली. कालव्यांच्या त्या भिंतींच्या माथ्यापर्यंत पाणी पोहोचलेलंच नव्हतं. आधार देणारे पोलादी पत्रे जमिनीत पुरेसे खोल ठोकलेले नव्हते आणि खालची माती टिकली नाही, म्हणून त्या उभ्याच्या उभ्या ढळल्या. ज्या पाण्यासाठी बांधल्या, त्याहून कमी पाण्याने. जून २००६ मध्ये अभियंता दलाचे प्रमुख कार्ल स्ट्रॉक यांनी रचनेतली ही चूक आपल्या दलाची असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

सोमवार, दुपार

वारा पडला. जुन्या फ्रेंच वस्तीत, म्हणजे नदीकाठच्या त्या १७१८ च्या उंचवट्यावर, रस्ते कोरडे होते. विटा पडल्या होत्या, झाडं मोडली होती, पण इमारती उभ्या होत्या. बातमीदार तिथेच होते. शहर थोडक्यात बचावलं, अशी बातमी जगभर गेली. भगदाडातून पाणी त्या वेळीही येतच होतं.

सोमवार, संध्याकाळी ५ नंतर

केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे शहरात असलेले एकमेव प्रतिनिधी मार्टी बहामोंड यांनी हेलिकॉप्टरमधून सतराव्या रस्त्याचं भगदाड पाहिलं. उतरल्यावर त्यांनी वरिष्ठांना कळवलं. तरीही वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत थोडक्यात बचावल्याचीच भाषा चालू राहिली. गुरुवारी सरोवर आणि शहर यांची पातळी एक झाली. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली होता. ते सगळं उपसायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला.

त्यानंतर

२०१० पासून अमेरिकेत वादळाच्या श्रेणीचा फुगवट्याशी असलेला संबंध तोडण्यात आला. श्रेणी आता फक्त वाऱ्याची. २०१७ पासून पाण्याचा इशारा स्वतंत्र निघतो, आणि तो जमिनीपासून किती फूट पाणी चढेल या मापात असतो, म्हणजे माणसाला स्वतःच्या छातीशी, स्वतःच्या खिडकीशी ताडून पाहता येतं. दलदलीतला तो जहाजांचा कालवा बंद केला गेला. पूर्वेला जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली, आणि शहरातल्या कालव्यांच्या तोंडांना फाटकं बसली. गाडी नसलेल्यांना शहराबाहेर नेण्यासाठी ठरलेले थांबे झाले. २००८ मध्ये गुस्ताव वादळाच्या वेळी ही व्यवस्था वापरलीही गेली.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी, सोळा वर्षांनी त्याच तारखेला, आयडा चक्रीवादळ लुइझियानावर आलं. चौथ्या श्रेणीचं. शहराच्या नव्या भिंतींनी पाणी अडवलं, एकही ढळली नाही. पण आयडा इतक्या झपाट्याने बळावलं की महामार्गांच्या दोन्ही बाजू खुल्या करून सक्तीने शहर रिकामं करायला लागणारे तीन दिवस मिळालेच नाहीत, आणि तेव्हाच्या महापौरांनी ते उघडपणे सांगितलं. बसगाड्या, थांबे, याद्या सगळं तयार असून पुष्कळ लोक घरीच राहिले. वाऱ्याने विजेचे मनोरे पाडले. संपूर्ण शहर अंधारात गेलं, ऑगस्टअखेरच्या उकाड्यात पंखे, वातानुकूलन बंद पडलं. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या वादळाने जे मृत्यू झाले त्यांतले बहुतेक उष्म्याने झाले आणि गेलेली माणसं बहुतांशी पुन्हा म्हातारीच होती.